फुट्सक्रेचे मोजके विजय

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटायला घरी आला. इतिहासाच्या तासाला सनावळ्यांचा मनस्वी कंटाळा करणारा हा मुलगा आता मेलबर्न शहराच्या पश्चिम भागात नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. फराळाचे ताट समोर येण्यापूर्वीच त्याने पिशवीतून लोकरीचा एक मफलर काढून माझ्या हातात ठेवला. तांबडा, पांढरा आणि निळा असे तीन पट्टे. म्हणाला, "सर, हा आमच्या क्लबचा."

'आमच्या' हा शब्द माझ्या कानाला लागला. परदेशात जाऊन बारा वर्षे झालेला मुलगा तिथल्या एका फुटबॉल क्लबला 'आमचा' म्हणतो, याचे नवल वाटले. मी विचारले, "बराच जिंकत असेल तुझा क्लब?" तो हसला. "नाही सर. शंभर वर्षांत दोनदा." मी म्हटले, "मग रे कसला क्लब तुझा?" त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच तर सर. तुम्ही वाचून बघा." आणि १९२४, १९५४, १९८९, २०१६ अशा सनावळ्या त्याने धडाधड म्हणून दाखविल्या. ज्याला एके काळी पानिपताचे साल सांगता येत नव्हते, तोच हा मुलगा!

त्या दिवसांत मी एका वेगळ्याच विवंचनेत होतो. सीमाभागातल्या अनेक मराठी शाळांप्रमाणे आमच्याही शाळेचा पट वर्षागणिक उतरत चालला आहे. संस्थेच्या बैठकीत 'विलीनीकरण' हा शब्द एकदोनदा उच्चारला गेला होता. कोणाच्या मनात वाईट हेतू नव्हता. आकडेच तसे होते. अशा मनःस्थितीत मी त्या क्लबचा इतिहास वाचावयास घेतला आणि त्यात गुंतून गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. १८५९ साली मेलबर्नच्या काही क्रिकेटवेड्या मंडळींनी त्याचे पहिले नियम लिहून काढले. म्हणूनच तो आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळला जातो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर 'बिहाइंड', त्याचा एक गुण. सामना चार सत्रांचा. अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होतो. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेने ११२ धावांची खेळी करून भारताला कसोटी जिंकून दिली, तेच हे मैदान.

आता गावाविषयी. फुट्सक्रे हे मेलबर्नच्या पश्चिमेला, मॅरिबिर्नाँग नदीच्या पलीकडचे उपनगर. दगडाच्या खाणी, कातडी कमावण्याचे कारखाने, खाटीकखाने, दोरखंडाची गिरणी आणि दारूगोळ्याचा कारखाना अशा उद्योगांवर जगणारी ही कष्टकऱ्यांची वस्ती. नदीच्या पूर्वेकडील प्रतिष्ठितांनी नाकाला रुमाल लावून जिच्याविषयी बोलावे, अशी. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे इटली, ग्रीस, माल्टा येथून लोक आले. पुढे व्हिएतनाममधून निर्वासित आले. त्यानंतर आफ्रिकेतून आणि आपल्या देशातूनही. क्लब मात्र एकोणिसाव्या शतकापासूनचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पेठेचे आणि संघाचे नाते वेगळे समजावून सांगावयास नको. फुट्सक्रेचे आणि बुलडॉग्ज या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघाचे नाते अगदी तसेच.

पहिला स्मरणीय विजय १९२४ सालचा. त्या वेळी मेलबर्नमध्ये दोन संघटना होत्या. 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' ही वरच्या पंक्तीची, आणि 'असोसिएशन' ही खालच्या पंक्तीची. फुट्सक्रे खालच्या पंक्तीत जेवणारा. त्या वर्षी त्याने असोसिएशनचे अजिंक्यपद मिळविले, तर लीगचे एसेंडनने. महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी विख्यात गायिका नेली मेल्बा यांच्या पुढाकाराने निधी जमविला जात होता. त्यासाठी ४ ऑक्टोबर १९२४ रोजी या दोन विजेत्यांचा सामना ठरला. एसेंडन सहज जिंकणार, असाच सर्वांचा होरा. प्रत्यक्षात फुट्सक्रेने ६४ विरुद्ध ३६ असा २८ गुणांनी विजय मिळविला. एसेंडनच्या काही खेळाडूंनी मनापासून खेळ केला नाही, अशी कुजबूज तेव्हाही झाली आणि पुढेही होत राहिली. गरिबाच्या विजयाला अशी पुरवणी जोडली जातेच. पण जानेवारी १९२५ मध्ये लीगने तीन नवे क्लब आत घेतले आणि त्यांत फुट्सक्रेचे नाव होते. एका सामन्याने दार उघडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दार ठोठावणे कित्येक वर्षे चालूच होते. मात्र त्या दिवसानंतर 'तुमची लायकी नाही' असे तोंडावर म्हणण्याची सोय उरली नाही.

वरच्या पंक्तीत बसावयास मिळाले, पण पानात फारसे काही पडेना. पहिल्या अजिंक्यपदाला १९५४ साल उजाडावे लागले. कर्णधार आणि प्रशिक्षक या दोन्ही जबाबदाऱ्या चार्ली सटन या पश्चिमेकडच्याच माणसाकडे होत्या. संघात एकवीस वर्षांचा टेड व्हिटन होता. तोही जवळच्याच ब्रेब्रुकचा. २५ सप्टेंबर १९५४ रोजी ८०,८९७ प्रेक्षकांसमोर मेलबर्न क्लबशी गाठ पडली. मेलबर्न म्हणजे शहराच्या नावाचा, नियम लिहिणाऱ्यांचा क्लब. उलट फुट्सक्रे या आधी कधी अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला नव्हता. सटनच्या संघाने सुरुवातीलाच अंगावर जाऊन खेळ केला आणि प्रतिपक्षाला सावरू दिले नाही. जॅक कॉलिन्सने एकट्याने सात गोल केले. अखेरीस फुट्सक्रे १५ गोल १२ बिहाइंड म्हणजे १०२. मेलबर्न ७ गोल ९ बिहाइंड म्हणजे ५१. बरोबर दुप्पट! ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी आली ती १९५६ साली; तेव्हा हा सामना ज्यांनी मैदानात पाहिला त्यांच्याच डोळ्यांत तो राहिला, आणि पुढच्या पिढ्यांना तो कानांनी मिळाला. आजोबांनी नातवाला सांगावा, असा.

त्यानंतर मात्र दुष्काळ पडला. १९६१ साली व्हिटनच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि हॉथॉर्नकडून ४३ गुणांनी हरला. पुढची पंचावन्न वर्षे त्याला अंतिम सामना दिसला नाही. १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ आणि २०१० अशा सात वेळा उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावरून तो परत फिरला. त्यांतला १९९७ चा पराभव तर अवघ्या दोन गुणांचा. टोनी लिबरटोरे या बुटक्या पण चिवट खेळाडूने मारलेला चेंडू गोलात गेला असे समजून त्याने हात उंचावले. पंचांनी तो बिहाइंड ठरविला. सहाऐवजी एक! त्या पाच गुणांचा हिशेब पश्चिमेकडे अजून चुकता झालेला नाही.

पण या इतिहासातला सर्वांत मोठा विजय यांपैकी कोणत्याच सामन्यात नाही. तो १९८९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आहे, आणि त्या महिन्यात क्लबने एकही सामना खेळलेला नाही.

ऐंशीच्या दशकात खेळाचे अर्थकारण बदलले. खेळाडूंचे मानधन वाढले, दूरचित्रवाणीचा पैसा आला, लीग मेलबर्नची न राहता देशव्यापी होऊ लागली. एकाच शहरात इतके क्लब परवडणार नाहीत, हा विचार बळावला. साउथ मेलबर्न हा जुना क्लब १९८२ साली मूळ गाव सोडून सिडनीला हलला. फुट्सक्रेवर कर्जाचा बोजा होता. १९८९ चा हंगाम संपतो न संपतो तोच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी फुटली: फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांचे विलीनीकरण. नव्या संघाचे नाव 'फिट्झरॉय बुलडॉग्ज'. एकाचे गाव, दुसऱ्याचे टोपणनाव. सामने दुसरीकडेच. सभासदांना कोणी विचारले नव्हते. त्यांना ते वर्तमानपत्रांतून आणि रेडिओवरूनच कळले.

येथे दोन माणसांची नावे घेणे अगत्याचे आहे. एक पीटर गॉर्डन, अॅस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या कामगारांचे खटले चालविणारा तरुण वकील. दुसरी आयरीन चॅटफील्ड, क्लबची एक सामान्य पाठीराखी. न्यायालयात दावा लावायचा तर वादी म्हणून कोणा सभासदाचे नाव हवे होते. या बाईने आपले नाव दिले. हरली असती तर खर्चाचा बोजा तिच्या घरावर आला असता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सहीची किंमत कळते. त्या दाव्यातून क्लबला सुमारे तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पैसे उभे करा, नाहीतर विलीन व्हा.

मग जे घडले ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचीच दृश्ये येत होती. क्लबच्या 'वेस्टर्न ओव्हल' मैदानावर हजारो लोक जमले. जुने खेळाडू, कामगार, गृहिणी, शाळकरी पोरे, इटालियन, ग्रीक, व्हिएतनामी अशी सारी मंडळी. डबे आणि बादल्या घेऊन लोक दारोदार फिरले. कोणी पगारातले दिले, कोणी पेन्शनमधले, मुलांनी खाऊचे पैसे दिले. आपल्या वडीलधाऱ्यांनी मूठमूठ धान्य आणि आणा-दोन आणे गोळा करून वाचनालये आणि शाळा उभ्या केल्या, त्यापेक्षा हे काय वेगळे? तीन आठवड्यांत दहा लाख डॉलरहून अधिक रकमेची जुळणी झाली. विलीनीकरण रद्द झाले. गॉर्डन क्लबचा अध्यक्ष झाला. पुढच्याच, म्हणजे १९९० च्या हंगामात, लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे 'ब्राउनलो पदक' मिळाले ते टोनी लिबरटोरेला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. फुट्सक्रे वाचला, मग फिट्झरॉयचे काय झाले? फिट्झरॉय काही लेचापेचा क्लब नव्हता. त्याच्या नावावर लीगची आठ अजिंक्यपदे होती, तेव्हा फुट्सक्रेच्या नावावर एकच. तरीही १९९६ मध्ये फिट्झरॉय ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला आणि स्वतंत्र क्लब म्हणून लीगमधून त्याचे अस्तित्व संपले. म्हणजे कपाटातले चषक संस्थेला वाचवीत नाहीत. फिट्झरॉयने १९६६ नंतर आपले मूळ मैदान सोडले आणि पुढची तीस वर्षे तो भाड्याच्या घरात बिऱ्हाड करीत हिंडला. त्याच्या उपनगरातले जुने कष्टकरीही हळूहळू पांगले होते. फुट्सक्रेचे मैदान मात्र जागेवर होते आणि मैदानाभोवती माणसे राहत होती. संकटकाळी दार ठोठवायला आधी दारे लागतात, आणि दारामागे ओळखीची माणसे लागतात. त्यात नशिबाचाही वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. फिट्झरॉयच्या पाठीराख्यांचे प्रेम काही कमी नव्हते. त्यांची आठवण ठेवल्यावाचून फुट्सक्रेचा जयजयकार करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

या वाचण्याचीही एक किंमत मोजावी लागली. साऱ्या पश्चिम भागाचा पाठिंबा मिळावा म्हणून १९९७ च्या हंगामापासून क्लबने 'वेस्टर्न बुलडॉग्ज' हे नाव घेतले. ज्या नावासाठी लोक बादल्या घेऊन फिरले, ते 'फुट्सक्रे' हेच पाटीवरून गेले! अनेक जुन्या मंडळींना ते फार लागले. सुदैवाने २०१४ पासून क्लबचा दुय्यम संघ पुन्हा फुट्सक्रे या नावाने खेळू लागला, आणि त्याच वर्षी व पुन्हा २०१६ मध्ये त्याने राज्य पातळीवरचे अजिंक्यपदही जिंकले. नाव असे मागच्या दाराने का होईना, घरी परतले. मैदानालाही टेड व्हिटनचे नाव दिले गेले. १९९५ मध्ये कर्करोगाने दृष्टी गेलेल्या व्हिटनला मोटारीतून मैदानाभोवती शेवटची फेरी मारून आणले, तेव्हा प्रतिस्पर्धी क्लबांचे लोकही रडले होते. त्यानंतर दोनच महिन्यांत तो गेला.

मधल्या काळातला एक छोटा विजय सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २००० सालच्या हंगामात एसेंडनने लागोपाठ वीस सामने जिंकले होते. एकविसाव्या सामन्यात बुलडॉग्जनी साऱ्या खेळाडूंना मागे खेचून बचावाची भिंत उभी केली आणि ११ गुणांनी सामना जिंकला. त्या वर्षी एसेंडनने अजिंक्यपद मिळविले; संपूर्ण वर्षात तो हरला, तो एवढ्या एकाच सामन्यात. या विजयात ख्रिस ग्रँट होता. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या क्लबने त्याच्यापुढे मोठ्या रकमेचा देकार ठेवला होता. तेव्हा एका लहानग्या चाहत्याने पत्रातून वीस सेंटांचे नाणे पाठविले होते: जाऊ नकोस म्हणून! ग्रँट गेला नाही.

आता २०१६. दोन वर्षांपूर्वीच कर्णधार क्लब सोडून गेला होता, प्रशिक्षकही गेला होता. ल्यूक बेव्हरिज या नव्या प्रशिक्षकाने तरुण पोरांना घेऊन संघ बांधला. बॉब मर्फी हा २००० सालापासून खेळणारा सर्वांचा लाडका कर्णधार. पण हंगामाच्या तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि वर्ष संपले. संघ साखळीत सातवा आला. सातव्या क्रमांकावरून अजिंक्यपद मिळविल्याचे उदाहरण तोवर नव्हते.

बाद फेरीतील पहिला सामना देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला: ४७ गुणांनी विजय. दुसरा हॉथॉर्नशी, जो लागोपाठ तीन वर्षे विजेता होता: २३ गुणांनी विजय. तिसरा, म्हणजे तोच तो उपांत्य फेरीचा उंबरठा, सिडनीला जाऊन: केवळ ६ गुणांनी विजय, ८९ विरुद्ध ८३. सात वेळा बंद झालेले दार आठव्यांदा उघडले.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी अंतिम सामन्यास ९९,९८१ लोक हजर होते. समोर प्रतिस्पर्धी कोण, तर सिडनी स्वान्स: १९८२ साली गाव सोडावे लागलेला तोच साउथ मेलबर्न. गाव सुटलेला आणि गाव न सोडलेला असे दोन क्लब समोरासमोर उभे होते. शेवटच्या सत्रात डेल मॉरिस या जुन्याजाणत्या बचावपटूने सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला पकडले, चेंडू सुटला आणि तो एकवीस वर्षांच्या टॉम बॉइडच्या हाती आला. त्याने पन्नास मीटरांहून अधिक अंतरावरून तो खांबांमधून पार केला. मॉरिस त्या काळात मणक्याला मोड असताना खेळत होता, हे मागाहून कळले. अंतिम गुण ८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद! संघात टॉम लिबरटोरे होता. १९९७ साली ज्याचा गोल नाकारला गेला, त्या टोनीचा मुलगा. आणि क्लबचा अध्यक्ष होता पीटर गॉर्डन. मधल्या काळात पद सोडून २०१२ मध्ये तो पुन्हा अध्यक्षपदी आला होता.

पारितोषिक समारंभात विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाला एक पदक मिळते. बेव्हरिजने ते स्वीकारले आणि लगोलग बॉब मर्फीला व्यासपीठावर बोलावून ते त्याच्या गळ्यात घातले. ज्याने अंतिम सामन्यात एक पाऊलही टाकले नव्हते, त्याच्या गळ्यात! त्या क्षणाची चित्रफीत माझ्या विद्यार्थ्याने मला पाठविली. ती मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत दाखविली, तेव्हा खेळाचा एकही नियम ठाऊक नसलेल्या आमच्या गणिताच्या बाईंनी डोळे पुसले.

पुढे २४ मार्च २०१८ रोजी क्लबच्या महिला संघाने ब्रिस्बेनला २७ विरुद्ध २१ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. त्यांचीही कर्णधार केटी ब्रेनन हिला त्या सामन्यात खेळता आले नव्हते. २०२१ मध्ये पुरुषांचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि मेलबर्नकडून ७४ गुणांनी सपाटून हरला. १९५४ चे उट्टे मेलबर्नने सदुसष्ट वर्षांनी काढले म्हणावयाचे! मेलबर्नचाही तो सत्तावन्न वर्षांचा दुष्काळ होता. दुसऱ्याच्या दुष्काळाचीही जाण ठेवावी.

असो. हे सारे वाचून झाल्यावर मी संस्थेच्या बैठकीत फुट्सक्रेची गोष्ट सांगितली नाही. शाळा म्हणजे क्लब नव्हे, आणि परक्या गावाच्या गोष्टीने आपले आकडे बदलत नाहीत, हे मलाही कळते. पण मे महिन्यात आम्ही सर्व शिक्षक पिशव्या घेऊन निघालो आणि आसपासच्या पाच गावांत घरोघर जाऊन बसलो. पूर्वी पालक शाळेत येत, म्हणून आम्ही कोणाच्या दारी गेलो नव्हतो. कित्येक घरांत आमचेच जुने विद्यार्थी आता आईबाप झालेले भेटले. "सर, तुम्ही आजवर कधी आलाच नाहीत," असे एकाने ऐकविले, ते मनाला लागले.

जूनमध्ये आठवीच्या वर्गात गेल्या वर्षीपेक्षा सात मुले अधिक आली. सात हा काही मोठा आकडा नव्हे आणि विलीनीकरणाचा विषय कागदोपत्री मिटलेलाही नाही. माजी विद्यार्थ्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, आम्हीही सातव्या क्रमांकावरूनच आलो होतो." मी त्याला म्हटले, "बाळा, तुमचे तीन आठवड्यांत भागले. आम्हाला दरवर्षी मे महिना आहे."